दोघांनी पाहिलेले कोलकाता

मोठे शहर पाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय काय पाहिलेत?" आणि उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. स्थळांची नावे एकामागून एक सांगायची, ऐकणाराने मान डोलवायची, आणि मग प्रवासात खाण्यापिण्याचे कसे झाले याकडे वळायचे. आम्ही उभयता २०२४ च्या डिसेंबरअखेर कोलकाता पाहून आलो. शेजारच्या काकूंनी हाच प्रश्न आम्हां दोघांना निरनिराळ्या वेळी विचारला. दोघांची उत्तरे ऐकून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही एकाच गावाला गेला होतात ना?" त्या एका गावाविषयी, म्हणजे त्यातल्या दोन्ही गावांविषयी, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आम्ही बेळगावचे. मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. आमचे हे उद्यमबागेतील एका फौंड्रीत मोल्डिंगवर देखरेख करतात. अठरा वर्षांच्या संसारात प्रवास पुष्कळ घडला. सणाला गोव्याकडे जाणे झाले, लग्नाला पुण्याला, औषधपाण्यासाठी मिरजेला. परंतु काही काम नसताना, मुलांना त्यांच्या आजीपाशी ठेवून, केवळ पाहण्यासाठी म्हणून दोघांनीच घराबाहेर पडावे, असा प्रसंग हा पहिला. मुंबई का नाही, असे पुष्कळांनी विचारले. मुंबईत आमचे नातेवाईक फार. तेथे गेले की चार दिवस चार घरचे जेवण होते आणि समुद्र तेवढा बसच्या खिडकीतून दिसतो. कोलकात्यात आमचे कोणी नाही, हा त्या शहराचा मोठाच गुण ठरला. शिवाय ह्यांना हावड्याचा पूल पाहावयाचा होता. लग्नाच्या आधीपासून पाहावयाचा होता.

नाताळ घरी साजरा करून लोंढ्याला अमरावती एक्स्प्रेस गाठली. गोव्याहून निघणारी ही गाडी हुबळी, बळ्ळारी, गुंतकल, विजयवाडा, विशाखापट्टण असे करीत पूर्व किनाऱ्याने वर चढते आणि दीड दिवसाहून अधिक वेळ घेते. खिडकीबाहेरचा मुलूख बदलतो हे तर खरेच; परंतु त्याहून आधी बदलते ती चहावाल्याची हाक. कानडी हाक तेलुगु झाली, तेलुगुची ओडिया झाली, आणि शेवटी बंगाली कानी पडू लागली. ओडिशाच्या उत्तर टोकाला जळेश्वरच्या अलीकडे गाडी सुवर्णरेखा नदीवरून गेली, तेव्हा मी ह्यांना हलवून जागे केले. इतिहासाच्या शिक्षिकेला त्या नदीचे महत्त्व काय, ते पुढे येईलच. हे म्हणाले, "पूल साधाच आहे," आणि पुन्हा झोपले.

आता त्यांच्या पुलाकडे वळते.

हावड्याचा पूल चित्रपटांतून आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की, प्रत्यक्ष पाहताना काही नवे वाटणार नाही अशी माझी समजूत होती. पण चित्रात तो दिसतो, ऐकू येत नाही. पायी निघालो, आणि पायांखाली तो सारखा कापत होता. बसगाड्यांचा घरघराट, हमालांच्या "सरा, सरा" अशा हाका, डोक्यांवर टोपल्या, गाठोडी, कोंबड्यांचे पिंजरे. माणसांचा तो लोंढा पाहून मी कठड्याला चिकटले. ह्यांची दृष्टी मात्र वर होती. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन्ही तीरांवर सुमारे २८० फूट उंचीचे दोन मनोरे आहेत आणि मधले अंतर १,५०० फूट. पोलाद लागले साडेसव्वीस हजार टन, त्यातील सुमारे तेवीस हजार टन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याचे. एवढ्या सगळ्या पोलादात नटबोल्ट म्हणून नाही. सारा सांधा तापवून ठोकलेल्या रिव्हेटांचा. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या फेब्रुवारीत, जपानी विमानांच्या भीतीने समारंभ न करताच तो वाहतुकीस खुला केला. त्याआधी १८७४ पासून येथे होड्यांवर तरंगणारा पूल होता, आणि जहाजे यावयाची झाली की तो मधून उघडावा लागे. १९६५ साली नव्या पुलाला रवींद्र सेतू असे नाव मिळाले. पण ते नाव तोंडी घेणारा माणूस आम्हांला चार दिवसांत भेटला नाही.

हे एका खांबाच्या पायाशी जाऊन हात लावून उभे राहिले. फौंड्रीतल्या माणसाचे बोट धातूवरून फिरते तेव्हा ते काही तरी वाचीत असते. मला म्हणाले, "अगं, आमच्याकडे ओतलेला तुकडा बिघडला तर पुन्हा भट्टीत टाकता येतो. इथे एकेक रिव्हेट चुकला असता तर काढून पुन्हा ठोकायला कुणी वर चढायचे?" त्याच खांबाच्या पायथ्याला फायबरग्लासचे वेष्टण घातलेले आहे. कारण ऐकून मात्र आम्ही दोघेही हसलो, आणि मग हसू आवरले. जाणारे-येणारे लोक तेथे पानतंबाखूच्या पिंका टाकीत, आणि त्या चुन्याकाताने पोलाद झिजू लागले. जपान्यांच्या बाँबला न पडलेला पूल पानाच्या पिचकाऱ्यांपासून वाचवावा लागला.

नदी तीन वाटांनी ओलांडायची, असा ह्यांचा हट्ट होता, आणि तो पुराही झाला. एकदा पुलावरून पायी, एकदा फेरीबोटीने पुलाच्या खालून, आणि एकदा नदीच्याही खालून. २०२४ च्या मार्चमध्ये हुगळीखालचा मेट्रोचा बोगदा सुरू झाला. भारतातील पहिली भुयारी मेट्रो १९८४ साली याच शहरात धावली होती, आणि नदीखालून जाण्याचा मानही याच शहराला मिळाला. नदीखालचा भाग सुमारे ५२० मीटरांचा. पाऊण मिनिटात संपतो. नदी कोठे लागली हे कळावे म्हणून बोगद्यात निळे दिवे लावले आहेत. डब्यातील लहान मुले काचेला नाक लावून "जॉल, जॉल" असे ओरडली. ह्यांचा चेहरा पडला. "पाणी कुठे दिसले?" असे ते म्हणाले. मला विचाराल तर तिन्हींमध्ये फेरीबोट सरस. थोडक्या रुपयांत माणूस शहराकडे पाण्याच्या पातळीवरून पाहतो, आणि घाटांवर अंघोळी चाललेल्या, नारळ सोडलेले, कपडे वाळत घातलेले, असे ते जुने शहर आपल्याकडे पाहत राहते.

पुलाच्या पूर्व टोकाला, पायऱ्या उतरून गेले की, मल्लिक घाटाचा फुलबाजार लागतो. तो माझा. झेंडूच्या माळा येथे पुड्यांत मिळत नाहीत, दोरखंडांसारख्या वेटोळ्यांत मिळतात, आणि हमाल ती वेटोळी डोक्याखांद्यांवर घेऊन चालतात तेव्हा माणूस दिसत नाही, पिवळा डोंगर चालत येतो. खाली चिखल, पाकळ्या, तुडवलेला पाला. मी रंग पाहत होते, हे हमालांचे गुडघे पाहत होते. "वजन किती असेल?" असे त्यांनी तीनदा विचारले.

व्हिक्टोरिया मेमोरियलविषयी फार बोलत नाही. मकराण्याचा संगमरवर आहे, १९२१ साली पुरे झाले, भोवतालची बाग उत्तम आहे. ज्या राणीसाठी ते बांधले तिने हे शहर कधी पाहिले नाही. आणि बांधून पुरे होईपर्यंत राजधानीही दिल्लीला गेली होती. बागेत बसलेल्या तरुण जोडप्यांना त्याचे काही सुखदुःख दिसले नाही. भारतीय संग्रहालय, ज्याला तेथील लोक जादूघर म्हणतात, ते मात्र एका दिवसाचे काम नव्हे. त्याची स्थापना १८१४ ची. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपाचे कठडे तेथे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने लालसर दगडात हत्ती, वृक्ष, जातककथा कोरल्या आणि खाली नावेही लिहून ठेवली, म्हणजे पाहणाऱ्याला अडचण नको. इतके समंजस कोरीवकाम मी दुसरे पाहिलेले नाही. मला तेथून हलवेना. ह्यांचे पाय दुखू लागले होते.

आणि त्या दुखण्यातूनच आमचे भांडण निघाले.

संध्याकाळी न्यू मार्केटच्या मागून रिपन स्ट्रीटकडे, जेथे आम्ही उतरलो होतो तिकडे, चालत निघालो. कोपऱ्यावर हातरिक्षा उभ्या होत्या. दोन दांड्या, दोन मोठी चाके, आणि घोड्याच्या जागी माणूस. २००६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने त्या बंद करण्याचे विधेयक मंजूर केले. तरी आम्ही गेलो त्या वर्षीही त्या रस्त्यावर होत्याच. साठीच्या पुढचा, उघड्या पायांचा एक वृद्ध हातातील घुंगरू दांडीवर आपटून आम्हांला बोलावू लागला. हे थांबले. मी म्हटले, "मी बसणार नाही." हे म्हणाले, "आपण बसलो नाही तर त्याला जेवण कोण देणार?" मी म्हटले, "माणसाने माणसाला ओढावे हे मला पाहवत नाही." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "पाहवत नाही म्हणून तू चालशील. त्याचे काय होईल?"

तो वृद्ध बिहारचा होता, हिंदी बोलत होता, आणि आमचे मराठी भांडण त्याला शब्दांवाचून कळत असावे. म्हणाला, "माजी, बैठिए, हमको आदत है." सवय आहे, या शब्दाने मला अधिकच बसवेना. गाडी त्याची नव्हती. मालकाला रोजचे भाडे द्यायचे आणि उरेल ते आपले, असा त्यांचा व्यवहार असतो. हे पैसे देऊ लागले, तर त्याने घेतले नाहीत. बसल्यावाचून कसले भाडे? अखेर आम्ही चालत आलो. बाजूबाजूने चाललो, पण बोललो नाही. १९५३ सालच्या 'दो बिघा जमीन' या चित्रपटात बलराज साहनींनी ओढलेली ती रिक्षा तुम्हांपैकी अनेकांना आठवत असेल. आणि कोलकात्याकडे बोट दाखविण्याचेही आपल्याला कारण नाही. आपल्या माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगावे लागले.

तिसरा दिवस मी मागून घेतला होता. उत्तर कोलकाता, म्हणजे जुने शहर, तो सारा दिवस.

कुमारटुली हा मूर्तिकारांचा पाडा. गल्ल्या इतक्या अरुंद की, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढावे. दोन्ही बाजूंना गवताच्या देवता उभ्या. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून केलेले अंग, मग माती. आम्ही गेलो तेव्हा सरस्वतीपूजा महिन्यावर आली होती आणि सगळीकडे सरस्वतीच सरस्वती. कोणाला मुंडके नाही, कोणाला हात नाही, पण हंस मात्र तयार. मला वाटले होते की येथे हे कंटाळतील. घडले उलटेच. माती हा ह्यांचाही धंदा. फौंड्रीत साचा वाळूचा असतो, त्यात चिकणमाती किती मिसळावी, पाणी किती असावे, मुठीत दाबले तर लाडू मोडता कसा पाहिजे, यावर सारे ओतकाम अवलंबून असते. ते एका म्हाताऱ्या कारागिरासमोर उकिडवे बसले आणि त्याच्या परातीतील माती चिमटीत घेऊन चोळू लागले. कारागीर आधी चिडला, मग पाहू लागला, मग त्याने दुसरी परात पुढे सरकवली. एक चिकट, तिचे नाव एंटेल. दुसरी वाळूची, तिचे नाव बेले. आत चिकट, वरून बारीक, आणि चेहऱ्यासाठी साचा. ह्यांना बंगाली येत नाही, त्याला मराठी येत नाही, दोघांचेही हिंदी सारखेच बेताचे. तरी अर्धा तास त्यांचे संभाषण चालले होते, आणि मी उभी राहून हंसांकडे पाहत होते.

मग त्याने विचारले, तुम्ही कुठले? बेळगाव त्याला कळेना. कर्नाटक म्हटले, ते पटेना. मी म्हटले, "आम्ही मराठी."

"ओ!" म्हातारा मोकळेपणाने हसला. "बॉर्गी!"

आत त्याची सून मूल खांद्यावर घेऊन उभी होती. तीही हसली, मुलाच्या पाठीवर थोपटत एक ओळ गुणगुणली, आणि मग लाजून आत गेली.

श्रोतेहो, ती ओळ कसली हे मला ठाऊक होते. पण वाचून ठाऊक असणे वेगळे आणि एका आईच्या तोंडून कानी येणे वेगळे. बंगालमधील बहुतेक प्रत्येक मूल ते अंगाईगीत ऐकत झोपते. त्यात बर्गी देशात आल्याची वार्ता आहे, पाखरांनी धान खाल्ल्याचे दुःख आहे, आणि आता खंडणी कशाने भरायची ही विवंचना आहे. बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा, भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली, १७४२ मध्ये बंगालात उतरल्या, आणि तेथून जवळजवळ दहा वर्षे त्या स्वाऱ्या होत राहिल्या. मुर्शिदाबादेस जगत्‌शेठांची पेढी लुटली गेली. नवाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्कररामांना तहाच्या बोलण्यासाठी बोलावून छावणीत ठार केले. त्याने स्वाऱ्या थांबल्या नाहीत, वाढल्या. १७५१ मध्ये तह झाला तेव्हा ओडिशाचा वसूल आणि सालीना बारा लाखांची चौथ नागपूरकरांना मिळाली, आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा ओलांडू नये असे ठरले. गाडीत मी ह्यांना जागे केले ते त्याच नदीसाठी.

आपल्या इतिहासात ही मोहीम चौथाईच्या हिशेबाने येते. बंगालच्या इतिहासात ती जळलेल्या गावांच्या हिशेबाने येते. गंगाराम नावाच्या एका कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' या नावाचे काव्य लिहिले. नाव ऐकून आपल्याला गौरवगाथा वाटेल. आत आहे ती पळणाऱ्या माणसांची कहाणी. पोथ्या घेऊन पळणारे ब्राह्मण, तराजू घेऊन पळणारे सोनार, गरोदर बायका, आणि मागे पेटलेली घरे. कवीच्या अतिशयोक्तीची वजावट केली तरी उरते ते पुष्कळ आहे.

कुमारटुलीपासून बागबाजार पायी फार दूर नाही. तेथे एका गल्लीच्या तोंडावर पाटी आहे : मराठा डिच लेन. १७४२ मध्ये, आपल्या भीतीने, इंग्रजांनी नवाबाची परवानगी घेऊन कोलकात्याभोवती खंदक खणावयास घेतला. खर्च शहरवासीयांनी सोसला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला, आणि मराठे येत नाहीत असे दिसल्यावर तसाच राहिला. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. आला तो १७५६ मध्ये सिराजउद्दौला, आणि त्याला त्या अर्धवट खंदकाने अडविले नाही. १७९९ च्या सुमारास खंदक बुजवून त्या रेषेने सर्क्युलर रोड करण्यात आला. आज त्या भीतीची खूण म्हणून एवढी ही गल्ली उरली आहे. दोन्ही बाजूंना घरे, वाळत घातलेले कपडे, ओट्यावर पत्ते खेळणारी चार माणसे.

हे पाटीखाली उभे राहून म्हणाले, "म्हणजे आपण इथले बागुलबुवा." मग थोडे चालून गेल्यावर म्हणाले, "पण तो बारगीर तरी कोण? घोडा दुसऱ्याचा, हुकूम दुसऱ्याचा. मिळेल त्यात त्याचे पोट. कालच्या रिक्षावाल्यासारखाच तो."

मला राग आला. रिक्षावाला दुसऱ्याच्या गाडीला स्वतःला जुंपतो. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसून तिसऱ्याच्या घराला आग लावतो. घोडा सरकारी होता म्हणून जळलेले घर सरकारी होत नाही, असे मी म्हटले. हे म्हणाले, "तू इतिहास शिकवतेस, तुला राजे दिसतात. मला तो घोड्यावर बसलेला दिसतो. कोकणातून, वऱ्हाडातून निघालेला, घरी चार तोंडे असलेला." मी म्हटले, "त्या सुनेच्या खांद्यावरच्या मुलाला तो कसा दिसतो, ते गाण्यात आहे." यावर ते काही बोलले नाहीत. परंतु त्यांचे म्हणणे मी पुरते खोडून काढू शकले, असेही नाही. पानिपतावर गेलेल्या बाजारबुणग्यांविषयी आपण हळहळतो, ते याच न्यायाने.

जानेवारीत शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात मी ते अंगाईगीत कशाविषयी आहे ते सांगितले. वर्ग थोडा गंभीर झाला. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "बाई, घाबरल्यावर त्या मुलांना झोप कशी लागायची?" दुसरा म्हणाला, "आई जवळ असायची ना!" आणि त्यांचा आपसांत वाद सुरू झाला.

असो. बेळगावहून नेलेला कुंदा आमच्या पिशवीत होता. गल्लीतून परत कुमारटुलीला जाऊन त्यातला एक डबा ह्यांनी त्या म्हाताऱ्याला दिला. त्याने चव घेतली, "संदेश नाही, पण चांगला आहे," असा निवाडा दिला, आणि देवीच्या चेहऱ्याचा एक तळहाताएवढा, तडा गेलेला मातीचा साचा ह्यांच्या हातावर ठेवला. बागबाजारात येऊन रसगुल्ला न खाता जाऊ नये म्हणतात, तेही केले.

श्यामबाजारहून ट्राम धरली. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ साली आली आणि विजेची १९०२ साली. मुंबईने आपली ट्राम १९६४ मध्ये बंद केली. येथील बहुतेक मार्गही एकेक करून मिटले, आणि उरलेले मिटविण्याची घोषणा २०२४ च्या सप्टेंबरात झाली होती. आम्ही गेलो तेव्हा मोजकेच चालू होते. लाकडी बाक, दोरीची घंटा, आणि चालणाऱ्या माणसाहून किंचित अधिक वेग. ज्याला पाहावयाचे आहे त्याला याहून योग्य वाहन नाही. कंडक्टरने आम्हांला खिडकीची जागा करून दिली आणि उतरण्याचे ठिकाण आले तेव्हा स्वतः येऊन सांगितले.

उतरलो कॉलेज स्ट्रीटला. १८१७ सालच्या हिंदू कॉलेजचे पुढे झालेले प्रेसिडेन्सी, १८५७ चे विद्यापीठ, आणि त्यांच्या कुंपणाला पाठ लावून पुस्तकांची दुकाने, एकाला एक चिकटून, दिसेल तेथवर. मला एक पुस्तक हवे होते : सखाराम गणेश देउस्कर यांचे 'देशेर कथा'. हे देउस्कर मराठी घराण्यातले. देवघरजवळच्या करौं गावी १८६९ मध्ये जन्मले, आणि बंगाली पत्रकार व लेखक म्हणून नावारूपाला आले. इंग्रजी राज्यात देश कसा नागवला गेला, याचा हिशेब त्यांनी १९०४ मध्ये त्या पुस्तकात बंगाली वाचकांपुढे मांडला. स्वदेशीच्या चळवळीत ते हातोहात गेले, आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. त्यांच्याच 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. १९०६ मध्ये कोलकात्यात शिवाजी उत्सव झाला तेव्हा लोकमान्य टिळक त्याला आले होते. ज्या शहराने आपल्या भीतीने खंदक खणला, त्याच शहरात, दीडशे वर्षांच्या आसपास लोटल्यावर, हे घडले. आणि ते घडविण्यात ज्याचा मोठा वाटा, तो मराठी माणूस तलवार घेऊन आलेला नव्हता. त्याने त्यांची भाषा लिहिली, आणि त्यांच्याच तोट्याचा हिशेब मांडला.

पाच-सहा दुकाने हिंडलो. एका दुकानदाराने नाव ऐकताच चष्मा कपाळावर चढवला. "देउस्कर? माझ्याकडे होते. गेले." मग क्षणभराने म्हणाला, "ते आमचेच लेखक." मी म्हटले, "आमचेही." दोघेही हसलो. त्याने चहा मागवला. पुस्तक मिळाले नाही; त्याऐवजी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे 'वर्णपरिचय' घेतले. १८५५ पासून बंगाली मुले ज्यावर अक्षरे गिरवतात, ते ते पुस्तक. देवनागरी जाणणाऱ्याला त्यातील निम्मी अक्षरे ओळखीची निघतात, आणि उरलेली ओळखीची असल्याचा भास होतो. कॉफी हाऊसच्या गोंगाटात बसून मी ती अक्षरे लावीत होते, आणि हे वहीत हावड्याच्या पुलाचा सांधा काढीत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी मदर तेरेसांच्या समाधीला गेलो. १९९७ च्या ५ सप्टेंबरला त्या गेल्या, २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. समाधी अगदी साधी; एक पांढरा चौथरा आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्यांनी लिहिलेली अक्षरे. मल्लिक घाटावर डोंगर होऊन चाललेला तो झेंडू येथे बोटांनी एकेक पाकळी करून मांडलेला. बाहेर रहदारीचा आवाज अखंड चालू होता, आणि आतल्या बहिणी त्या आवाजातच प्रार्थना म्हणत होत्या. हा रस्ता म्हणजे आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. जुना सर्क्युलर रोड. खंदकाच्या रेषेवरून उत्तरेकडून निघालेला तोच रस्ता दक्षिणेला येथवर येतो. मी ह्यांना सांगितले. ते गुडघे टेकून होते. त्यांनी मान हलवली.

दुपारी रिपन स्ट्रीटवरून सामान घेऊन निघालो. दोन बॅगा, पुस्तकांची पिशवी, आणि कापडात गुंडाळलेला तो मातीचा साचा. बसचा थांबा मोठ्या रस्त्यावर होता. कोपऱ्यावर हातरिक्षा उभ्या होत्या; तो वृद्ध नव्हता, दुसरा एक तरुण होता. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून थांबलो. मग ह्यांनी बॅगा उचलून रिक्षात ठेवल्या, पिशवी ठेवली, आणि दोन माणसांचे भाडे ठरविले. "बैठिए," तो म्हणाला. हे म्हणाले, "सामान बैठेगा." त्याला ते चमत्कारिक वाटले असावे, पण भाडे आधी हातात पडले होते. त्याने घुंगरू वाजवले आणि तो निघाला. त्याच्या एका चाकाशेजारून मी, दुसऱ्या चाकाशेजारून हे, साचा हातात धरून, असे आम्ही थांब्यापर्यंत चालत गेलो.